मोसमाचा आडदशावतार

बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद अशा नगरांत पिढ्यान्‌पिढ्या नांदत आलेल्या आपल्या वाचकांना, गोव्यातील डिचोलीसारख्या लहान गावातील एका मुख्याध्यापकाने फुटबॉलच्या मोसमाविषयी लेख लिहावा, याचे थोडे नवल वाटेल. मराठी घरातील खेळाचे वेड म्हणजे क्रिकेट, असे समीकरण आपण सर्वांनीच मान्य करून टाकले आहे. त्यातून लेखक मराठी विषयाचा. त्याने फार तर ज्ञानेश्वरीतील उपमांवर लिहावे! परंतु गोव्याची माती निराळी आहे. १८८३ साली फादर विल्यम रॉबर्ट लायन्स नावाच्या एका इंग्रज धर्मोपदेशकाने शिवोली गावी हा खेळ आणला असे सांगतात, आणि २०१२ साली गोवा शासनाने त्याला राज्याचा खेळ म्हणून मान दिला. या दोन सालांच्या दरम्यान तो येथील लोकांच्या अंगात इतका मुरला, की पावसाने उघडीप दिली आणि भाताची कणसे पिवळी पडू लागली, की आमच्याकडे ‘यंदा आपला संघ कसा?’ हा प्रश्न ‘यंदा पीक कसे?’ या प्रश्नाच्या बरोबरीने विचारला जातो.

खरे सांगायचे तर फुटबॉलचे माहेर साष्टी तालुक्यात, दक्षिणेकडे. तेथे प्रत्येक चर्चसमोरच्या मैदानावर पोरे चेंडूमागे धावताना दिसतात. आमच्या डिचोली, पेडणे, सत्तरी या भागात भजन, नाटक आणि दशावतार यांचे राज्य. खेळ म्हणाल तर व्हॉलीबॉल आणि क्रिकेट. तरीही माझ्या पिढीच्या मुलांना फुटबॉल संघांची नावे तोंडपाठ होती, याचे कारण मैदानापेक्षा रस्त्यावर अधिक होते. डिचोलीच्या उशाला धेंपोंची खाण, सुर्ला-वेळगे बाजूस साळगावकरांची. घरासमोरून तांबडी धूळ उडवीत जाणाऱ्या ट्रकांशी जी नावे जोडलेली, तीच नावे संध्याकाळी आकाशवाणीच्या पणजी केंद्रावरून फुटबॉलच्या बातमीत ऐकू येत. १९८३-८४ मध्ये गोव्याने संतोष करंडक जिंकला तेव्हा मी शाळकरी होतो. ब्रह्मानंद शंखवाळकर या गोलरक्षकाचे नाव आमच्या वर्गात एखाद्या पुराणपुरुषासारखे घेतले जाई. शंखवाळकर आमच्या बोलीचा, आमच्यासारख्या घरातला, आणि तरीही भारताचा कर्णधार. ही गोष्ट डिचोलीच्या मुलाला फार मोठी वाटे.

पुढे तर गोव्याच्या व्यावसायिक संघांनी कमाल केली. २००६-०७ पासून २०१२-१३ पर्यंत सलग सात वर्षे देशाचे विजेतेपद गोव्याबाहेर गेले नाही. पहिली दोन धेंपोंनी घेतली, तिसरे चर्चिल ब्रदर्सने, चौथे पुन्हा धेंपोंनी, पाचवे साळगावकरांनी, सहावे परत धेंपोंनी आणि सातवे चर्चिलने. लोकसंख्या पंधरा लाखांच्या आसपास असलेल्या एका चिमुकल्या प्रदेशाने कलकत्त्याच्या बलाढ्य क्लबांना सात वर्षे दाराबाहेर उभे करावे, हे आज आठवले तरी ऊर भरून येतो. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीग नावाची नवी, श्रीमंत, झगमगीत स्पर्धा सुरू झाली. तिच्यात गोव्यासाठी एफसी गोवा हा नवा संघ उभा राहिला. जुन्या राष्ट्रीय लीगला दुय्यम स्थान देण्याचा घाट घातला गेला, तेव्हा त्याच्या निषेधार्थ धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग या क्लबांनी २०१६ मध्ये त्या लीगमधून अंग काढून घेतले. धेंपोंचा संघ २०२४-२५ मध्ये पुन्हा आय-लीगमध्ये आला, हे खरे. परंतु मधल्या काळात आम्हा गोंयकारांची निष्ठा, थोड्या कुरकुरीने का होईना, एफसी गोव्याकडे वळली होती. तेव्हा या लेखात मी जो ‘आपला संघ’ म्हणेन तो हाच.

आता मूळ विषयाकडे येतो. मोसमाचे पहिले तीन-चार सामने झाले की डिचोलीच्या बाजारात प्रत्येकजण ज्योतिषी होतो. सकाळी भाजीपाव खायला गेलो की गल्ल्यावरचा गृहस्थ हातातले सुटे पैसे तसेच धरून म्हणतो, “सर, यंदा आपले काही खरे नाही.” त्यापुढच्या आठवड्यात संघ जिंकला की तोच गृहस्थ म्हणतो, “सर, यंदा चषक आपलाच!” दोन्ही वेळा त्याच्या स्वरात सारखीच खात्री असते. आमच्या शाळेचा शिपाई तर गुणतक्ता कापून भिंतीवर चिकटवतो आणि पहिल्या महिन्यातच अंतिम सामना कोणाकोणात होणार हे सांगून मोकळा होतो.

अशा वेळी मला हटकून आमचा दशावतार आठवतो. ज्या वाचकांनी तो पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. पेडणे-डिचोलीकडे जत्रेच्या रात्री मुख्य नाटक, म्हणजे आख्यान, लागण्यापूर्वी ‘आडदशावतार’ होतो. गणपती येतो, ऋद्धिसिद्धी येतात, शारदा येते, ब्रह्मदेव येतो, काळ्या वेषातला संकासुर येऊन प्रेक्षकांची टिंगल करतो, आणि विष्णू येऊन त्याचा वध करतो. हे सगळे ठरलेले असते, वर्षानुवर्षे तेच असते. घोंगडी अंथरून बसलेली बायकापोरे या वेळी शेंगदाणे खात असतात. परंतु पुढे बसलेला जाणता म्हातारा मात्र तेव्हाच कान टवकारून असतो. यंदा पेटीवाला नवा दिसतो, मृदंग थोडा उतरलेला आहे, राजाचे काम करणाऱ्याचा घसा बसला आहे, हे सारे तो आडदशावतारातच टिपून घेतो. तो आख्यानाचा निकाल सांगत नाही. कारण आख्यान अजून लागायचेच असते, आणि दशावतारात संवाद लिहिलेले नसतात. ते पहाटेपर्यंत नटांना आपल्या बुद्धीने जुळवायचे असतात. मोसमाचे पहिले चार सामने हा आडदशावतार आहे. तो पाहताना शेंगदाणे खाणारा प्रेक्षक व्हायचे की तो म्हातारा व्हायचे, एवढाच निर्णय आपल्या हाती असतो.

मी मास्तर असल्यामुळे मला नोंदी ठेवण्याची सवय आहे. एफसी गोव्याच्या आरंभांची आणि शेवटांची नोंद माझ्या एका जुन्या हजेरीपटाच्या मागील पानांवर आहे. तिच्यातील काही ओळी वाचकांसमोर ठेवतो.

२०१४: ब्राझीलचा थोर खेळाडू झिको हा आपला प्रशिक्षक. पहिलाच सामना फातोर्ड्याच्या घरच्या मैदानावर चेन्नईयिनकडून २-१ असा गमावला. शेवट: साखळी फेरीत दुसरा क्रमांक आणि उपांत्य फेरी, तेथे कोलकात्याकडून पेनल्टीवर पराभव.

२०१५: आरंभ उत्तम. चेन्नईत जाऊन चेन्नईयिनला ४-० असे लोळवले. पुढे नोव्हेंबरात मुंबईवर ७-० असा विजय. साखळीत पहिला क्रमांक. अंतिम सामना घरच्या मैदानावर, २० डिसेंबरला, त्याच चेन्नईयिनविरुद्ध. नव्वदाव्या मिनिटास आपण २-१ असे पुढे होतो. सामना संपला तेव्हा ३-२ असे हरलो होतो.

२०१६: तोच झिको, तेच मैदान. पहिले तिन्ही सामने हरलो. शेवट: आठ संघांत आठवा क्रमांक.

२०१७-१८: स्पेनचा सर्जिओ लोबेरा प्रशिक्षक, फेरान कोरोमिनास हा गोल करणारा. पहिला सामना ३-२ असा जिंकला, दुसरा हरलो, तिसऱ्यात बंगळूरला ४-३ असे नमवले. पुढे केरळला ५-२. गोल करायचे आणि गोल खायचेही, असा हा मोसम होता. शेवट: तिसरा क्रमांक, उपांत्य फेरीत पराभव.

२०२१-२२: ऑक्टोबरात ड्युरँड चषक जिंकून आलेला हा संघ. नोव्हेंबरात लीग सुरू झाली आणि पहिले तीन सामने मुंबई, जमशेदपूर आणि नॉर्थईस्ट यांच्याकडून ओळीने हरला. शेवट: अकरा संघांत नववा.

२०२२-२३: पहिले दोन सामने जिंकले. शेवट: सातवा क्रमांक, पहिल्या सहांना पुढे प्रवेश होता, तो एका पायरीने हुकला.

२०२३-२४: मानोलो मार्केझ प्रशिक्षक. पहिल्या बारा सामन्यांत एकही पराभव नाही. शेवट: तिसरा क्रमांक, आणि उपांत्य फेरीत मुंबईकडून पराभव.

२०२४-२५: घरच्या मैदानावर जमशेदपूरकडून २-१ अशा पराभवाने आरंभ. शेवट: दुसरा क्रमांक, आणि मे महिन्यात भुवनेश्वरला सुपर कप.

या ओळी मी पुष्कळदा वरून खाली आणि खालून वर वाचल्या आहेत. त्यांतून निघणारा अर्थ तसा साधाच आहे. पहिल्या सामन्यातील एका पराभवाला काडीचाही अर्थ नाही. तो झालेल्या दोन्ही वर्षी आपण साखळीत दुसरे आलो. आरंभीच्या दोन विजयांनाही फारसा अर्थ नाही. आणि बारा सामने अजिंक्य राहिले तरी एप्रिल महिन्यातील एका रात्रीची हमी मिळत नाही. मात्र सलग तीन पराभव ही निराळी गोष्ट दिसते. तसे दोनदा घडले, आणि दोन्ही वेळा मोसम हाताबाहेर गेला. एक शिंक आली म्हणून वैद्य नाडी पाहात नाही. तीन दिवस ताप उतरला नाही तर मात्र पाहतो. दोन उदाहरणांवरून सिद्धांत मांडू नये हे मला कळते, आणि आठवीच्या मुलांनाही मी ते शिकवतो. तरीही हजेरीपटातील या दोन ओळींखाली मी तांबड्या शाईने रेघ ओढली आहे.

येथे सामन्यांच्या संख्येचाही विचार केला पाहिजे. माझा एक भाचा अमेरिकेत स्थायिक झाला असून त्याला तेथील व्यावसायिक बास्केटबॉलचे वेड लागले आहे. दर नोव्हेंबरात त्याचा फोन आला की तो आपल्या संघाच्या सुरुवातीविषयी असा काही कळवळून बोलतो, की घरात कोणी आजारी आहे की काय असे वाटावे. मी त्याला म्हणतो, “अरे बाबा, तुमच्याकडे एकेका संघाचे ८२ सामने. त्यांतले आठ म्हणजे दहावा हिस्सासुद्धा नाही. आमच्याकडे पहिल्या तीन मोसमांत साखळीचे १४ सामनेच होते. तीन हरलो म्हणजे पाचव्या भागाहून अधिक मोसम बुडाला!” २०२४-२५ मध्ये आमचे सामने २४ झाले, तरी अमेरिकेच्या मानाने ते थोडेच. जेथे सामने थोडे तेथे प्रत्येक चूक महाग, आणि सावरायला वेळ कमी. म्हणून आमच्या बाजारातील ज्योतिषी अगदीच वेडे आहेत असे म्हणता येत नाही.

पण याच भाच्याने मला दुसरी बाजूही दाखवली. २०१५-१६ मध्ये गोल्डन स्टेट वॉरियर्स या संघाने मोसमाचे पहिले २४ सामने ओळीने जिंकले. सबंध मोसमात ८२ पैकी ७३ जिंकले. तसे त्यापूर्वी कोणी केले नव्हते. अंतिम मालिकेतही ते ३-१ असे पुढे होते. आणि तेथून क्लीव्हलंडने सलग तीन सामने जिंकून विजेतेपद नेले. भाचा त्या रात्री जेवला नाही. मी त्याला आमचा डिसेंबर २०१५ सांगितला, फातोर्ड्यावरचा. सहाच महिन्यांच्या अंतराने मामा आणि भाचा एकाच जातीचे दुःख भोगून बसलो होतो. एक डिचोलीत आणि एक न्यू जर्सीत.

मग पहिल्या सामन्यांतून ओळखायचे तरी काय? आकडे फसवे असतात, याची कारणे उघड आहेत. परदेशी खेळाडू उशिरा येतात; ऑक्टोबरातील आमच्या दमट उन्हाळ्याची त्यांच्या अंगाला सवय नसते. नवा प्रशिक्षक नवी रचना आणतो, ती खेळाडूंच्या पायांत उतरायला वेळ लागतो. उलट कधी त्या नव्या रचनेचा उलगडा प्रतिस्पर्ध्यांनाच होत नाही, आणि नवखेपणाचाच फायदा मिळून आरंभी विजयांची रास पडते. दुसऱ्या फेरीपर्यंत सर्वांना ती पाठ होते. कोणा संघाला पहिले तीन सामने घरी मिळतात, कोणाला तीन गावी भटकावे लागते. गुणतक्त्यात यांतले काहीच दिसत नाही.

म्हणून मी तीन गोष्टी पाहतो. पहिली, गोल खाल्ल्यावर संघ कसा खेळतो. नोव्हेंबर २०२० मध्ये, करोनामुळे सगळी लीग गोव्यातच आणि प्रेक्षकांवाचून झाली. त्या वर्षीच्या पहिल्याच सामन्यात बंगळूरविरुद्ध आपण ०-२ असे मागे पडलो होतो. रिकाम्या खुर्च्या, ओरडायला कोणी नाही. अशा वेळी इगोर आंगुलोने थोड्याच मिनिटांच्या अंतराने दोन गोल करून बरोबरी साधली. गुणतक्त्यात तो एकच गुण. पण माझ्या मते तो संघाचा स्वभाव होता. तो संघ पुढे उपांत्य फेरीपर्यंत गेला, आणि पेनल्टीवरच हरला.

दुसरी गोष्ट, चेंडू गोलापर्यंत कसा पोहोचतो. कोरोमिनासने त्या वर्षी १८ गोल केले. परंतु त्याचे गोल पाहताना माझे लक्ष त्याच्या आधीच्या तीन पासांकडे जाई. ज्या संघाचे गोल एखाद्याच्या अंगभूत चमत्कारातून येतात, तो त्या एकाच्या पायाला दुखापत होईपर्यंतच चालतो. ज्याचे गोल वाटेवरून येतात, त्याची वाट राहते. लोबेरा जानेवारी २०२० च्या शेवटी गेले; तरीही अवघ्या काही आठवड्यांत, आमच्याच गोव्याच्या क्लिफर्ड मिरांडाच्या देखरेखीखाली, संघाने जमशेदपूरला ५-० असे हरवून साखळीतील अग्रस्थान निश्चित केले आणि आशियाच्या चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत जाणारा भारतातील पहिला क्लब होण्याचा मान मिळवला. वाट राहिली होती, ती अशी.

तिसरी गोष्ट, शेवटची पंधरा मिनिटे. आमच्या संघाचे हे जुने दुखणे. २०१५ चा अंतिम सामना वर सांगितलाच. एप्रिल २०२४ मध्ये फातोर्ड्यावर मुंबईविरुद्ध उपांत्य सामन्यात नव्वदाव्या मिनिटापर्यंत आपण २-० असे पुढे होतो. शिट्टी वाजली तेव्हा २-३ असे हरलो होतो. त्या रात्री डिचोलीहून साखळी, उसगाव, फोंडा आणि बोरीचा पूल असा पन्नासेक किलोमीटरांचा प्रवास करून गेलेली माणसे परतताना एकमेकांशी बोलली नाहीत. परंतु जाणत्याला लक्षण आधीच दिसले होते. त्याच वर्षी फेब्रुवारीत कोचीला केरळविरुद्ध २-० अशी आघाडी असताना आपण उत्तरार्धात चार गोल खाल्ले होते. दुखणे एका रात्रीत होत नसते. ते अंगात असते, आणि थंडीवारा लागला की बाहेर पडते. म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबरात संघ जिंकलेला असला, तरी पंचाहत्तराव्या मिनिटानंतर त्याचे बचावपटू एकमेकांशी बोलतात की गप्प होतात, याकडे मी मुद्दाम पाहतो.

हे सारे मी कोठे शिकलो, असे कोणी विचारले तर उत्तर सोपे आहे: पहिल्या चाचणीच्या उत्तरपत्रिका तपासताना. तीसएक वर्षे ते काम केल्यावर एक कळते, की त्या चाचणीतील गुण पालकांसाठी असतात, शिक्षकासाठी असतो तो कागद. एखाद्या मुलाला पंचवीसपैकी आठच मिळालेले असतात, पण त्याने चुकलेले गणित खोडून बाजूला पुन्हा मांडलेले असते. दुसऱ्याला वीस असतात, पण शेवटचे दोन प्रश्न कोरे. वार्षिक परीक्षेत काय होईल हे मी दोघांच्याही पालकांना सांगत नाही. मात्र दुसऱ्याच्या वडिलांना बोलावून घेतो. वीस गुणांच्या मुलाच्या बापाला शाळेत का बोलावले, याचे त्या गृहस्थाला नेहमी आश्चर्य वाटते.

येथवर मी मोसमाचा आरंभ कसा वाचावा याविषयी लिहिले. परंतु २०२५ साली या आमच्या सगळ्या शहाणपणावर पाणी पडले, कारण मोसम ठरल्या वेळी सुरूच झाला नाही. लीग चालविणारी संस्था आणि देशाचा फुटबॉल महासंघ यांच्यातील करार त्या डिसेंबरात संपणार होता. पुढचे काही ठरेना, म्हणून जुलैमध्ये क्लबांना सांगण्यात आले की मोसम तूर्त स्थगित. गणपती आले आणि गेले. दसरा झाला, दिवाळी झाली. आपला संघ ऑक्टोबरात आशियाई स्पर्धेत सौदी अरबस्तानच्या अल नसरशी फातोर्ड्यावर खेळला आणि २-१ असा हरला. डिसेंबरात त्याच मैदानावर ईस्ट बंगालला पेनल्टीवर नमवून सुपर कपही जिंकला. पण लीग नाही. देशातल्या क्लबांपुढे खेळाडूंचे पगार कोठून द्यावयाचे, असा प्रश्न उभा राहिला. अखेर लीग सुरू व्हायला फेब्रुवारी २०२६ उजाडावा लागला, आणि तीही आखूड होऊन.

त्या शरदात आमच्या बाजारात ज्योतिषी नव्हते. भाजीपावाच्या गल्ल्यावर “यंदा आपले काही खरे नाही” असे कोणी म्हणाले नाही. शाळेच्या भिंतीवर गेल्या वर्षीचा गुणतक्ता पिवळा पडत राहिला. आणि बाहेरगावच्या रसिकांना या स्तब्धतेचे जेवढे आश्चर्य वाटले, तेवढे डिचोलीला वाटले नाही. कारण मोसम सुरू न होणे म्हणजे काय, हे डिचोलीला फुटबॉलच्या पुष्कळ आधीपासून ठाऊक होते.

खाणींचाही एक हंगाम असे. पावसाळ्यात काम थंडावे, मांडवीतल्या बार्जी थांबत, आणि ऑक्टोबर लागला की ट्रकांना फुले बांधून, नारळ फोडून हंगाम सुरू होई. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य शासनाने खाणकाम थांबवले, पाठोपाठ सर्वोच्च न्यायालयानेही मनाई केली, आणि त्या वर्षीचा ऑक्टोबर आला तसा गेला. पुढे मर्यादित प्रमाणात काम चालू झाले. फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले, आणि मार्चच्या मध्यापासून ते पुन्हा थांबले. खाणींनी आमचे झरे आटवले, शेतांत तांबडा गाळ भरला, पोरांच्या छातीत धूळ भरली, हे खरे आहे आणि ते लपवण्याचे कारण नाही. परंतु कर्ज काढून घेतलेला ट्रक अंगणात उभा, त्याच्या चाकांभोवती गवत वाढलेले, आणि घरचा कर्ता पुरुष सकाळी आंघोळ करून, कपडे करून, जायला कोठे नसल्यामुळे ओट्यावर बसलेला, हे दृश्य मी माझ्या विद्यार्थ्यांच्या घरी पाहिले आहे. चांगला हंगाम, वाईट हंगाम यांवर ही माणसे वर्षानुवर्षे भांडत, हिशेब मांडीत. हंगामच नाही म्हटल्यावर भांडायलाही काही उरले नव्हते. २०२४ मध्ये डिचोलीच्या लिलाव झालेल्या खाणपट्ट्यात काम पुन्हा सुरू झाले, तेव्हा कोणी भाव विचारला नाही, टनांचा हिशेब विचारला नाही. ‘सुरू झाले’ एवढेच एकमेकांना सांगत होते.

फुटबॉल आणि पोटाचा धंदा यांची तुलना करणे अतिशयोक्तीचे होईल. तरीही खेळ हाही कोणाच्या तरी पोटाचा धंदा असतोच. मैदानावर धावणारी पंचवीस-तीस पोरे, त्यांचे मालिश करणारे, गवत कापणारे, सामन्याच्या दिवशी फातोर्ड्याबाहेर चणे आणि झेंडे विकणारे, या सर्वांच्या घरी मोसमाचा पहिला सामना म्हणजे वर्षाचा पहिला पगार असतो. आपल्यासारख्या दुरून पाहणाऱ्यांचे नुकसान त्या मानाने किरकोळ. पण तेही नुकसानच. आशा बाळगायला, आणि ती फोल ठरली तर शेजाऱ्यापाशी कुरकुरायला, माणसाला एखादा आरंभ लागतो. निवृत्तीला आलेल्या मास्तरालाही लागतो.

असो. वाचकांपैकी कोणी बंगळूरच्या संघाचा अभिमानी असेल, कोणी कोलकात्याच्या. तेथल्या बाजारातही असेच ज्योतिषी असतील, आणि पहिल्या पराभवानंतर ते आपल्याला असेच छळत असतील. त्यांचे ऐकून घ्यावे. त्यांना उलट उत्तर देऊ नये. पहिला सामना हरलात तर विसरून जा, तिसरा हरलात तर थोडी काळजी करा, आणि जिंकलात तर शेवटची पंधरा मिनिटे नीट आठवून पाहा. पुढच्या मोसमासाठी माझ्या हजेरीपटाचे एक पान कोरे ठेवले आहे. वर साल घातले आहे आणि रेघा आखून ठेवल्या आहेत. आरंभ कसाही होवो, तो वेळेवर होवो, म्हणजे त्या पानावर लिहायला घेता येईल.